मोती चीनचे, हात करमाडचे

“ताई, मोती खरे आहेत का?” पेजवर नवा फोटो टाकला की पहिला मेसेज हाच असतो. भाव नंतर विचारतात, लांबी त्यानंतर. सुरुवातीला मी नुसतं “हो” लिहायची. आता जरा सविस्तर लिहिते, कारण विचारणाऱ्या प्रत्येकीच्या मनातलं ‘खरं’ वेगळं असतं.

माझ्या आजेसासूबाईंच्या नथीत होते ते बसरा मोती. इराणच्या आखातात पाणबुड्यांनी शिंपले काढायचे, माल बसऱ्याहून, बहारीनहून मुंबईत यायचा, तिथून पेढीवर. कुणी पेरलेला नाही, शिंपल्यात आपसूक झालेला मोती. जपानच्या मिकिमोतोने १८९३ साली शिंपल्यात मुद्दाम मोती धरवून दाखवला, पुढे गोल मोत्याचंही तंत्र बसलं, आणि १९३०च्या आसपास आखातातला सगळा धंदा कोलमडला. १९३२ला बहारीनमध्ये तेल लागलं आणि पाणबुड्यांची मुलं तिकडे कामाला गेली. तेव्हापासून बाजारात जे येतं ते बहुतेक संवर्धित, म्हणजे माणसाने शिंपल्यात धरवलेलं. माझ्याकडचे मोती गोड्या पाण्यातले, चीनच्या तळ्यांतले. शिंपल्याने केलेले आहेत म्हणून खरे, माणसाने करवून घेतले म्हणून बसरा नाहीत. एवढं लिहिलं की निम्म्या जणी गप्प होतात आणि उरलेल्या निम्म्या जणी ऑर्डर देतात. हे प्रमाण मला चालतं.

मी करमाडची सून. संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघालं की शेंद्र्याच्या कंपन्या संपल्यावर आमचं गाव येतं. घरात शेती आहे, नवरा शेंद्रा एमआयडीसीत पाळीवर जातो. दागिन्यांचं अंग मला आईकडून आलं, पण तिने सोन्याला किंवा मोत्याला कधी हात लावला नाही. ती हलव्याचे दागिने करायची. नव्या सुनेची पहिली संक्रांत, नातवाचं बोरन्हाण, कुणाचंही असो, काटेरी हलवा, सुई, दोरा आणि जरीची पट्टी घेऊन ती पौषभर बसलेली असे. हलव्याचा दाणा फुटू न देता ओवायचा म्हणजे बोटात किती हलकेपणा लागतो, हे ज्याने केलं त्यालाच कळतं. टाळेबंदीत कंपनी बंद, पगार अर्धा, तेव्हा मी जुन्या साडीची जर आणि काचेचे मणी घेऊन काही माळा केल्या. बहिणीने त्यांचे फोटो पुढे पाठवले. धंदा असा सुरू झाला, कुठली योजना आखून नव्हे.

काचेवरून मोत्यावर यायचं तर हैदराबाद गाठायला हवं. आमच्या मराठवाड्याला ते परकं नाही. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आम्ही निजामाच्याच राज्यात होतो, आणि आजही अजिंठा एक्सप्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी तिकडे उतरता येतं. चारमिनारजवळच्या पथ्थरगट्टीत मोत्यांच्या दुकानांची ओळच्या ओळ आहे. हैदराबादच्या पाण्यात मोती होत नाही, मोत्याला भोक पाडण्यात आणि निवडण्यात ते शहर नावाजलं. जवळच्या चंदनपेठसारख्या गावात घराघरात हे विंधायचं काम चालत आलं.

तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला भोक बघायला शिकवलं. चकाकी बघायची नाही, म्हणाला, ती कुणीही चढवतो. मोती उजेडात धरायचा आणि भोकाची कड बघायची. नकली असेल तर तिथे वरचा थर पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो, आत काच किंवा प्लॅस्टिक. गोड्या पाण्यातल्या मोत्यात बहुधा आत वेगळा मणी नसतो, कडेपासून आतपर्यंत एकच द्रव्य असतं. दाताच्या कडेवर हलकेच घासला तर खरा मोती रेताड लागतो, नकली गुळगुळीत. मग लडी बघायच्या: तांदूळ दाण्याचे, बटणासारखे चपटे, गोल आणि वाकडेतिकडे. गोल सगळ्यात महाग. मी वाकड्यांच्या लडी उचलल्या तेव्हा त्याला वाटलं मला परवडत नाही म्हणून मी उरलंसुरलं घेते आहे. अर्धं खरंही होतं.

उरलेलं अर्धं कारण डिझाइनचं. चिंचपेटी, तन्मणी, लफ्फा, मोत्याची वाकी हे सगळं पुण्या-मुंबईच्या मोठ्या पेढ्या माझ्याहून सरस करतात आणि त्यांचा माल घाऊक येतो. तेच मी करमाडात बसून केलं तर माझ्याकडून कुणी का घ्यावं? माझं असं काही हवं होतं.

ते मला अजिंठ्याला सापडलं. संभाजीनगरहून शंभर किलोमीटर, सोमवारी बंद. शाळेच्या सहलीत पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणि मी पाहिला होता, पण तेव्हा आम्ही मुली त्याच्या हातातलं कमळ बघून पुढे गेलो होतो. मोत्यांचं काम करायला लागल्यावर पुन्हा गेले आणि त्याच्या अंगावरचे मोती बघतच उभी राहिले. पाचव्या शतकाच्या अखेरीचं ते काम. गळ्यात मोत्यांची माळ, मधोमध निळा खडा, आणि छातीवरून जानव्यासारखा गेलेला बारीक मोत्यांचा पेड. त्या चित्रकाराने पांढऱ्या ठिपक्यांनी मोती असा काढला आहे की बाजूने उजेड पडला की तो भिंतीतून वर उठतो. बोधिसत्त्वाला राजपुत्राचा सगळा साज घातलाय, आणि डोळे मात्र खाली झुकलेले. दागिना त्याच्या अंगावर आहे पण तो त्याला मिरवत नाही. मला हे फार आवडलं. आपल्याकडे मोत्याचा दागिना म्हटला की नववारी, अंबाडा, नथ आणि भरगच्च गळा. एका सुती कुडत्यावर एक पेड घालून कुणी ऑफिसला जाईल असा मोती मला हवा होता.

घरी येऊन तांदूळ मोत्यांच्या तीन सरी एकमेकींत पिळायला घेतल्या. पीळ सैल पडला तर सरी उकलतात, घट्ट झाला तर गळ्यात माळ ताठ उभी राहते. रेशमी दोऱ्याची जाडी बदलत बदलत ते जमलं. मधल्या खड्यासाठी नीलम परवडणार नव्हता. मग कळलं की अजिंठ्याच्या चित्रांतला निळा रंगच मुळी लाजवर्दाचा आहे, अफगाणिस्तानातून आलेला दगड कुटून केलेला. चित्रकाराच्या निळ्यातलाच दगड लावायचा ठरवलं. लाजवर्द परवडतो आणि मोत्याशेजारी भडक दिसत नाही. त्या माळेला मी ‘पीळपेड’ म्हणते.

दुसरं डिझाइन घराच्या ओट्यावर मिळालं. आमच्याकडे दिवाळीच्या पुढेमागे सगळीकडे कापूस. उमललेल्या बोंडात चार-पाच पाकळ्या असतात, आणि वाळलेलं टरफल त्यांना खालून धरून ठेवतं. वाकडे मोती हातात घेऊन बघत होते तेव्हा लक्षात आलं, हे तर बोंडच आहे. चार वाकडे मोती, खाली काळपट चांदीची चिरलेली वाटी. कानातली झाली. शेजारच्या अक्काला दाखवली तर ती म्हणाली, “दिवसभर तेच वेचू राहिलो आम्ही, आता कानात बी तेच घालू का?” त्या अक्काने अजून घातलेली नाहीत. पण माझ्याकडून सगळ्यात जास्त जातात ती हीच बोंडकुडी, आणि जास्त करून पुण्यात, मुंबईत, बंगळुरात, जिथल्या मुलींनी कापूस फक्त वातीत पाहिला आहे.

ऑनलाइन विकायचं म्हणजे पत्ता आला, आणि पत्त्यापाशी आमची वेगळीच गंमत. शहराचं नाव बदललं तरी कित्येक कुरिअरच्या यादीत अजून औरंगाबादच आहे, आणि औरंगाबाद बिहारातही आहे. माझ्या ऑर्डरचे डबे तिकडची सहल करून आलेले आहेत. करमाड कुठे, असंही गिऱ्हाईक विचारतं. कुणी नेटवर शोधलं तर पुढे येते ती ८ मे २०२०ची बातमी. त्या पहाटे जालन्याहून रुळांवरून पायी घरी निघालेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. थकून रुळावरच झोपले होते, आणि सोबतच्या भाकरी तिथेच विखुरलेल्या होत्या. आमच्या गावाचं नाव देशाने तेव्हा ऐकलं. मला काहींनी सुचवलं होतं, पेजवर नुसतं ‘संभाजीनगर’ लिही, बरं दिसतं. मी करमाडच लिहिते. गावाच्या नावापुढे आणखीही काही यावं, एवढंच.

आता पैशाचं. खरी ओढाताण इथेच आहे, मोती निवडण्यात नाही. मोत्याची किंमत गिऱ्हाईक कुरकुरत का होईना मान्य करतं, कारण त्याला वाटतं मोती म्हणजे महाग वस्तू. पण हाताच्या कामाचे पैसे सांगितले की, “नुसतं ओवायचं तर असतं ना?” नुसतं ओवायचं नसतं. चांगल्या माळेत दोन मोत्यांच्या मध्ये गाठ मारावी लागते, म्हणजे मोत्यावर मोती घासत नाही आणि दोरा तुटला तर एखादाच मोती सांडतो. प्रत्येक गाठ मोत्याला चिकटून बसली पाहिजे. पूर्वी हे पटवेकऱ्याचं काम होतं आणि त्याला तो मान होता. सोनार घडवायचा, पटवेकरी गाठवायचा.

माझ्यासोबत गावातल्या काही बायका काम करतात. मी नगावर पैसे देते, आणि दर ठरवताना माझ्यासमोर एकच माप असतं: कापूस वेचणी. वेचणीचा दर किलोवर असतो, आणि हात चालणारी बाई दिवसाकाठी जे घरी नेते त्याहून माझ्याकडे कमी मिळालं तर तिने ओट्यावर बसून डोळे का शिणवावेत? म्हणून माझी पीळपेड स्वस्त नाही. एका मोठ्या विक्रीसंस्थळाने सेलमध्ये निम्म्या भावात द्या म्हणून फार मागे लागून पाहिलं. मोती तर निम्म्या भावात मिळत नाहीत, तेव्हा कापणार काय? बाईचा दर. मी त्या सेलमध्ये गेले नाही.

आणि कापूस नुसता मापापुरता नसतो, तो हात पळवूनही नेतो. दसऱ्यापासून वेचणी जोरात येते. शेत स्वतःचं असो की दुसऱ्याचं, बोंड उमललं की थांबत नाही, अवकाळी पाऊस आला तर सगळं काळं पडतं. तेव्हा सगळ्या बायका रानात, आणि वेचून आलेल्या बोटांना टरफलाने चरे पडलेले, त्यात रेशमी दोरा अडकतो. नेमकं तेव्हाच तुळशीचं लग्न लागतं आणि लग्नसराईच्या ऑर्डरी सुरू होतात. पहिली काही वर्षं मी रात्र रात्र एकटी गाठी मारत असे. आता मृग ते पोळा या दिवसांत, निंदणी-खुरपणीच्या मधल्या मोकळ्या दुपारी, आम्ही साठा करून ठेवतो.

चोरीचंही सांगायला हवं. बोंडकुडीचा फोटो, माझ्याच ओट्याच्या फरशीसकट, एका दुसऱ्या पेजवर निम्म्या भावात झळकला. तक्रार केल्यावर फोटो निघाला, कुड्या निघाल्या नाहीत, प्लॅस्टिकच्या मोत्यांत त्या अजून विकल्या जातात. तेव्हा एका वकील ताईंनी समजावलं की डिझाइन कायदा २०००चा आहे, नोंदणी कोलकात्याच्या कार्यालयात होते, संरक्षण दहा वर्षं आणि पुढे पाच वर्षं वाढवून मिळतं. पण अर्ज करण्याआधी ते डिझाइन जगजाहीर झालेलं नको. म्हणजे आधी फोटो टाकून लोकांना आवडतं का बघायचं आणि मग नोंदवायचं, हा आम्हा छोट्यांचा सगळ्यांचा क्रम कायद्याला चालतच नाही. नवीन डिझाइन आता मी कागदावर आणि पेटीत ठेवते, अर्ज गेला की मगच फोटो. चिंचपेटी-तन्मणीवर मात्र कुणाचाच हक्क नाही, माझाही नाही, आणि तसंच असावं.

बाकी कागदपत्रं लोक सांगतात तितकी भयंकर नाहीत. उद्यम नोंदणी सरकारी संस्थळावर फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या आत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण माल राज्याबाहेर पाठवायचा तर नियम बदलतात, तेवढं सीएला विचारून घ्यावं. मोत्याच्या दागिन्यावर कर ३ टक्के. आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेचा मेसेज आल्याशिवाय डबा बांधायचा नाही. मोती विकते म्हटल्यावर शेततळ्यात मोत्यांची शेती करून लखपती व्हायच्या जाहिराती मला रोज येतात. ती शेती खरी आहे, भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेत तिचं प्रशिक्षणही मिळतं. पण उन्हाळ्यात आमच्या तळ्यात शिंपला बुडेल एवढंही पाणी राहत नाही, आणि शिंपल्याला टँकर कोण लावणार?

माझ्याकडून घ्या किंवा आणखी कुणा घरी बसून करणाऱ्या बाईकडून घ्या, दोन गोष्टी करा. एक, मोती घालायचे ते सगळं आवरून झाल्यावर, अत्तर-पावडर लावून झाल्यावर, आणि काढायचे सगळ्यात आधी. घाम आणि अत्तर त्यांची चमक खातात. दुसरी, लग्न मार्गशीर्षात असेल तर ऑर्डर दसऱ्याआधी द्या. त्यानंतर आमचे हात कापसात असतात.