साल्मन, स्लग आणि आजोबा

मित्रांनो, रावसाला इंग्रजीत ‘इंडियन साल्मन’ म्हणतात हे मेसच्या बाहेर कधी चांगल्या हॉटेलात जेवला असाल तर मेनूकार्डावर वाचलं असेल. रावस काही साल्मन नव्हे. त्याचं कूळ वेगळं. ऑस्ट्रेलियात ज्याला ‘ऑस्ट्रेलियन साल्मन’ म्हणतात तोही साल्मन नव्हे! त्याचं शास्त्रीय नाव आरिपिस. गोऱ्या लोकांना तो मायदेशातल्या माशासारखा दिसला, दिलं नाव ठोकून. खरा साल्मन लाटांतून गळाला लावायचा असेल तर न्यूझीलंडमधल्या राकाया नदीच्या मुखाशी जावं लागतं, आणि तिथेही तो मूळचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातून अंडी आणून वसवलेला आहे. थोडक्यात, परदेशी गेलं की माणूस घरचीच नावं शोधतो. माझ्या आजोबांनीही तेच केलं.

आजी गेल्यानंतर आत्या आजोबांना सहा महिन्यांसाठी मेलबर्नला घेऊन गेली. आजोबा वेंगुर्ल्याकडचे, वय ७४. तरुणपणी रापणीला हात लावलेला, नंतर नोकरी, पण संध्याकाळी गरी घेऊन किनाऱ्यावर जाणं कधी चुकलं नाही. मेलबर्नला मात्र हा माणूस खिडकीशी बसून राहिला. बोलणं दोन शब्दांचं, जेवण दोन घासांचं. आत्याने डॉक्टर केले, देऊळ केलं, बागेतले मराठी ज्येष्ठ नागरिकही करून पाहिले. सेमिस्टर संपल्यावर जूनमध्ये आत्याने मला तिकीट पाठवलं. “तू ये, त्यांच्याशी बोल, आणि ठरव, त्यांना इथेच ठेवायचं का परत न्यायचं.” थर्ड इयरच्या पोराने आजोबांचं ठरवायचं! व्हायवा परवडला.

काकांना (आत्याचे यजमान) मासे पकडायचा नाद आहे. जून म्हणजे तिकडे हिवाळा, आणि व्हिक्टोरियाच्या उघड्या किनाऱ्यावर साल्मनचा हंगाम. काकांनी जेवणाच्या टेबलावर आपला डबा उघडला आणि मला खोट्या आमिषांचं, म्हणजे ल्यूरचं, लेक्चर सुरू केलं. मी मेकॅनिकलचा. मला ते चक्क डिझाइनच्या पेपरसारखं वाटलं. सांगतो.

पहिला प्रश्न: लांब कसं फेकायचं? समोरून वारा, पुढे फेसाळ लाटा. वजन एकच असलं तरी बारीक लांबट धातूचा तुकडा हवा कापत जातो, पसरट चमचा मात्र फडफडतो आणि जवळच पडतो. म्हणून किनाऱ्यावरून मारायला २० ते ६० ग्रॅमचे लांबट ‘स्लग’ वापरतात. पसरट चमच्याचा फायदा वेगळा. तो पाण्यात हळू बुडतो आणि जखमी माशासारखा हेलकावे खातो. म्हणजे अंतर हवं का हालचाल हवी, हा सरळ सरळ ट्रेड-ऑफ!

दुसरा प्रश्न: वेग. रिळाचा गिअर रेशो ५:१, बॉबिनचा व्यास साडेपाच सेंटिमीटर धरला, तर हँडलच्या एका फेऱ्यात दोरी जवळजवळ ८६ सेंटिमीटर आत येते. सेकंदाला दोन फेरे मारले तर पावणेदोन मीटर. साल्मनला हा वेग काहीच नाही, तो पळत्या माशामागेच धावतो. पण एकसारखं गुंडाळू नये. मध्येच क्षणभर थांबावं, म्हणजे भक्ष्य दमलं असं त्याला वाटतं आणि तो झडप घालतो.

तिसरा प्रश्न मला सर्वांत आवडला: गळ. ल्यूरसोबत दुकानातून बहुधा तीन टोकांचा गळ येतो. काका तो काढून एकेरी गळ लावतात. साल्मन गळाला लागला की पाण्याबाहेर उडी मारतो आणि डोकं जोरात झटकतो. तोंडापाशी लोंबणारं ४० ग्रॅमचं धातू त्या झटक्यात तरफेसारखं काम करतं आणि गळ उचकटून काढतं. एकेरी, जाडसर गळ कडीतून मोकळा फिरता ठेवला तर तो टॉर्क गळापर्यंत कमी पोचतो. शिवाय लहान मासा सोडून द्यायचा झाला तर त्याचा जबडा फाटत नाही. (तिकडे २१ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवता येत नाही.)

उरला रंग. त्यावर काका आणि त्यांचे मित्र तासन्‌तास भांडतात. साधारण हिशेब असा, की स्वच्छ पाणी आणि ऊन असेल तर चंदेरी, गढूळ फेस असेल तर गुलाबी किंवा सोनेरी. अंधुक पहाटे तर रंगापेक्षा आकाराची सावलीच जास्त दिसते.

हे सगळं चालू असताना आजोबा खिडकीशी. पण मान इकडे वळलेली! शेवटी म्हणाले, “आणि पाणी कोण बघतलो?”

एवढं लांब वाक्य त्यांनी आठवडाभरात उच्चारलं नव्हतं म्हणे. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली.

शनिवारी पहाटे आम्ही तिघे मॉर्निंग्टन द्वीपकल्पावरच्या गनामाटा किनाऱ्यावर गेलो. मासे पकडायला तिथे परवाना लागतो. मी ऑनलाइन तीन दिवसांचा काढला, आजोबांना सत्तरीच्या पुढचे म्हणून माफ. “म्हातारपणाचो पयलो फायदो,” ते म्हणाले. थंडी मरणाची, वारा समोरून. काकांनी ४० ग्रॅमचा स्लग लावला आणि असा भिरकावला की मी बघत राहिलो. तासभर काही नाही. शेजारचे दोघे गोरे तर त्याहून लांब मारत होते. त्यांनाही काही नाही.

आजोबा वाळूच्या उंचवट्यावर उभे. कोकणात रापण टाकण्याआधी एक जण उंचावरून पाण्याचा रंग बघतो, थवा कुठे आहे ते ओळखतो आणि मग होडी सुटते. (पश्चिम ऑस्ट्रेलियातले मच्छीमारही साल्मनची रापण अशीच टाकतात, टेकडीवर माणूस उभा करून. हे काकांनी नंतर सांगितलं.) आजोबांनी मला हाक मारली. किनाऱ्याला समांतर एक काळसर पट्टा होता. तिथे लाट फुटत नव्हती, अलीकडे पलीकडे मात्र पांढरा फेस. म्हणजे वाळूच्या दोन बांधांमधली खोल घळ. तिकडे हिला ‘गटर’ म्हणतात (हसू नका!). ती आमच्यापासून फार तर ३० मीटरवर होती. सगळे तिच्या पलीकडे फेकत होते!

मग आजोबा वाकले आणि ओल्या वाळूतून एक मेलेला मासा उचलला. बोटाएवढा, चंदेरी. “ह्यो पेडव्यासारखो. आज तो ह्याच खाता हा.” त्यांनी डबा मागितला, तो मासा तळहातावर ठेवला आणि शेजारी एकेक ल्यूर लावून बघितला. काकांचा लाडका ४० ग्रॅमचा बाजूला गेला. निवड झाली सर्वांत लहान २० ग्रॅमच्या चंदेरी स्लगची. आता हिशेब बघा: घळ जवळ, म्हणजे लांब फेकायची गरज नाही, म्हणजे जड वजनाची गरज नाही, म्हणजे भक्ष्याच्या मापाचं आमिष वापरता येतं. आम्ही अंतरापासून सुरुवात करून आमिषावर येत होतो, आजोबा पाण्यापासून सुरू करून तिथे पोचले.

चौथ्या फेकीला काठी वाकली. मासा दोनदा हवेत उडाला. आजोबा मागून ओरडत होते, “दोरी सैल सोडू नको रे!” दीड फुटाचा, किलोभराचा मासा वाळूवर आला. अजून दोन मिळाले. तेवढे पुरे म्हणून आजोबांनीच काठ्या गुंडाळायला लावल्या.

या माशाला तिकडे फारसा मान नाही. मांस गडद, तेलकट, वास उग्र. धरल्या धरल्या कल्ल्याशी कापून रक्त काढावं आणि बर्फात ठेवावं, तरच चव राहते. आत्याला रावसाची आशा होती. आजोबांनी एक तुकडा हुंगून निकाल दिला, “रावस नाय. बांगड्याचो स्वभाव. आमसूल जास्त घाल.” डँडेनाँगच्या भारतीय दुकानातलं आमसूल निघालं, नारळ वाटला गेला. आजोबा दोनदा भात मागून जेवले. आत्या वाढता वाढता रडत होती, आणि आम्ही सगळे तिखटामुळे असं समजून घेतलं.

रात्री मी त्यांना विचारलं, “आजोबा, राहाल का इथे? दर शनिवारी जाता येईल.” ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मासो गावलो म्हणान न्हय रे, पाणी वाचूक इला म्हणान बरा वाटला. हयसर बाकी काय्येक वाचूक येना नाय माका.” रस्त्यावरच्या पाट्या, टीव्ही, शेजाऱ्यांचं हसणं, काहीच. सहा महिन्यांत त्यांना वाचता आलेली पहिली गोष्ट म्हणजे तो काळसर पट्टा.

मी आत्याला ते जसंच्या तसं सांगितलं. तिला वाईट वाटलं, पण पटलं. जुलैमध्ये मी आणि आजोबा परत आलो. आत्या आता दर डिसेंबरमध्ये वेंगुर्ल्याला येणार आहे, असं ठरलंय.

तेव्हा मित्रांनो, कोणी विचारलं की लाटांतून साल्मन धरायला ल्यूर कोणता घ्यावा, तर वजन, वेग, गळ, रंग हे सगळं सांगा. पण आधी विचारा, पाणी कोण बघणार? आणि घरी असा एखादा पाणी बघणारा असेल तर या सुट्टीत जर्नल लिहायच्या आधी त्याच्याबरोबर एकदा किनाऱ्यावर जाऊन या.