साडेपाचचा नंबर

पाचवीत चष्मा लागेपर्यंत मी माणसं चालीवरून ओळखत असे. माझे वडील, नाना, शेतातून येताना डावा खांदा किंचित खाली टाकून चालायचे; बांधावरची आकृती ते आहेत की कुणी वाटसरू, हे मला खांद्यावरून समजायचं. चेहरा ही फक्त जवळ आल्यावर दिसणारी गोष्ट होती. पुढे पाचोऱ्याहून चष्मा आला, भडगावच्या पेठेत समोरून येणाऱ्याचं हसू लांबूनच दिसू लागलं, पण चालीवरून ओळखायची सवय गेली नाही. ती आजही आहे.

घरात पहिला चष्मा आजीचा, मोठ्या मायचा. तिचा मोतीबिंदू एका शिबिरात काढला होता. त्या काळी शिबिरांतून डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून घेत आणि बहुतेकदा त्या जागी दुसरं काही बसवत नसत. ते काम मग नाकावरच्या जाड काचांनी करायचं. त्या काचांमागे तिचे डोळे केवढे तरी मोठे दिसत. सकाळी उशाशी ठेवलेला चष्मा तिला चष्म्याशिवायच शोधावा लागे आणि त्यासाठी हाताला जमिनीचा नकाशा पाठ करावा लागला होता. माझा चष्मा तिनं हातात घेतला, अंगठ्यानं काचेची कड चाचपली आणि विचारलं, “कसं दिखस वं तुले?” त्या प्रश्नात कौतुक नव्हतं, काळजी होती. आपलं दुखणं एवढ्या लहान पोरीच्या वाट्याला आलं, असं तिला वाटत असावं.

नंबर दर वर्षी वाढला आणि अठराव्या वर्षी उणे साडेपाचवर थांबला. कापूस वेचायच्या दिवसांत काचांवर घाम आणि धूळ यांचा थर बसे. पदरानं पुसलं की तो आणखी पसरे. मग स्थळं यायला लागली. एका घरून निरोप आला की, मुलगी चांगली आहे, लग्नाआधी तेवढं लेझर करून टाका. नाना म्हणाले, “डोळे तिचे आहेत, ती ठरवेल.” या एका वाक्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. खानदेशात किती मुलींच्या डोळ्यांवरची शस्त्रक्रिया पसंतीच्या तारखेला बांधली गेली, हे मी पाहिलंय. माझी २००६ मध्ये झाली, नाशिकला, लग्नानंतर, शाळेच्या माझ्या पगारातून.

लेझर नंबर कसा घालवतं? ते काही भरत नाही, काढून घेतं. डोळ्याच्या पुढच्या बाजूला कॉर्निया म्हणून पारदर्शक आवरण असतं, मध्यभागी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. त्याची एक पातळ चकती बिजागरीसारखी उचलायची, खालचा भाग लेझरनं घासून सपाट करायचा आणि चकती परत मिटवायची. साधारण एका नंबरामागे १२ मायक्रॉन जातात. म्हणजे माझ्या साडेपाचला ६५ च्या आसपास. गेलेलं पुन्हा उगवत नाही. म्हणून आधी कॉर्नियाची जाडी आणि चढउतार मोजतात. माझ्या शेजारी बसलेल्या तरुणाला त्या दिवशी परत पाठवलं. त्याचा कॉर्निया पातळ होता. तो फार खट्टू झाला होता. मला मात्र वाटलं की, ज्यानं त्याला ‘नाही’ म्हटलं त्या डॉक्टरच्या हाती डोळे सोपवायला हरकत नाही.

हे ज्यांच्यामुळे शक्य झालं त्यांच्यात मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आहेत. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ साली त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर एक्सायमर लेझर चालवून पाहिलं. कडा जराही न करपता त्यात नेमकी खाच पडली. मला हे नंतर वाचायला मिळालं आणि आपल्या डोळ्यावरून गेलेली अदृश्य किरणं थोडी ओळखीची वाटली.

प्रत्यक्ष वेळ थोडाच लागला. थेंबांनी डोळा बधिर केला, पापण्यांत चिमटा बसला, वरून कडं दाबलं तसं क्षणभर काहीच दिसेना. मग टकटक असा आवाज, जळक्या केसांसारखा वास आणि “दिव्याकडे बघत राहा” हे पुन्हापुन्हा. त्या दिव्याकडे मी सगळं आयुष्य एकवटून पाहिलं.

खरं काम पुढे होतं. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरलं, पाणी वाहत राहिलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले बारीक आकडे पलंगावरून वाचता आले. मी तरीही चष्म्यासाठी हात लांबवत होते. झोपताना प्लास्टिकचं झाकण, ठरल्या वेळी थेंब, डोक्यावरून आंघोळ बंद, चूल आणि धुळीपासून लांब. डोळे चोळायचे नाहीत, हे सगळ्यात कठीण. महिने गेले तरी डोळे कोरडे पडत. जाहिरातीत ‘चष्म्यापासून मुक्ती’ लिहितात, या कोरडेपणाबद्दल लिहीत नाहीत, लिहायला हवं.

त्याच वर्षी श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी भडगावला आमची खानदेशी देवी कानबाई बसली. नारळावर नथ आणि डोळे चढवलेले. समईच्या प्रत्येक ज्योतीभोवती मला कडं दिसत होतं. लेझरनंतर काही काळ रात्री दिव्यांना असं वलय येतं. रात्रभर गाणी चालली. सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन बायका गिरणा नदीकडे निघाल्या, तेव्हा मी गर्दीच्या मागे राहून पुढच्या बाईच्या डोक्यावरच्या कानबाईची नथ पाहिली. एवढ्या लांबून. मोठी माय तेव्हा नव्हती. तिला सांगायचं राहिलं.

चाळिशी उलटली तशी पेपर तपासायला जवळचा चष्मा आला. तो लेझरनं टळत नाही. आतलं भिंगच ताठर होत जातं.

माझ्या मुलीलाही आता नंबर आहे, उणे तीन, अजून वाढतो आहे. लेझर करायचं म्हणते. मी सांगितलं की, नंबर थांबू दे, कॉर्निया मोजू दे, आणि कुणाच्या सांगण्यावरून करू नकोस. तिनं विचारलं, दुखतं का? म्हटलं, करताना नाही. रात्री चुरचुरतं, तेव्हा मी शेजारी असेन आणि तुझे हात धरून ठेवीन.