विंग कुठली?

गोवंडी स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळाली. ड्रायव्हरशेजारी अर्धा लटकत बैंगनवाडीत पोचलो. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. त्याच्या अंगाखांद्यावर भंगाराचा हा सगळा बाजार वाढला. बंद झालेल्या एखाद्या घरातल्या जुन्या रेकॉर्डी कधीमधी इथवर येतात, असं ऐकलं होतं.

तिसऱ्या गल्लीत एका गाळ्यात पंख्याच्या पात्यांखाली गठ्ठा सापडला. लाखेच्या, ७८ च्या. उरलेल्या धड तबकड्यांत एक ‘अलबेला’ची. मी लेबलावर टॉर्च मारून वाचायला लागलो, तसा दुकानदार हसला. ‘‘चाचा, गाना सुनने का है के पढने का?’’

वाचायचंच होतं. संगीत : सी. रामचंद्र. गायक : लता मंगेशकर आणि चितळकर. म्हणजे पुणतांब्याचा रामचंद्र नरहर चितळकर हा एकच गृहस्थ त्या एवढ्याशा कागदावर दोन नावांनी बसलाय! ‘महल’च्या (१९४९) रेकॉर्डवर तर लताबाईंच्या जागी आधी ‘कामिनी’ छापलं होतं, पडद्यावरच्या पात्राचं नाव. पण ही कोडी सुटतात. लेबलावर जो मुळातच नाही, त्याला कुठे शोधायचं?

‘अलबेला’तला तो ट्रम्पेट चिक चॉकलेटचा. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा. सिनेमात त्याचा बँड चक्क पडद्यावर दिसतो. रेकॉर्डवर मात्र त्याला जागा नाही. शेवटची खाच आणि लेबल यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर नख फिरवलं, तर बारीक आकडे लागले. त्यावरून रेकॉर्डिंग ओळखता येतं, वाजवणारे नाहीत. त्यांच्यासाठी माणसांनाच गाठावं लागतं. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने तेच केलं. मुंबईतल्या म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलला आणि त्यातून २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक उभं राहिलं. आपल्याकडच्या संगीत-समीक्षकांना हे आधी का सुचलं नाही, हा प्रश्न मी अजून गिळलेला नाही.

रेकॉर्ड काखेत मारून सायन-ट्रॉम्बे रस्त्याला आलो, आर. के. स्टुडिओच्या जागेपाशी. १६ सप्टेंबर २०१७ ला इथे आग लागली, जुने कपडेपट जळाले. २०१९ मध्ये जागा गोदरेजने घेतली. राज कपूरच्या सिनेमांतून शंकर-जयकिशन घरोघरी पोचले, आणि त्यांच्या मागे कागद-पेन्सिल घेऊन वर्षानुवर्षं सेबॅस्टियन डिसोझा. हाही गोव्याचा, फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारा. संगीतकाराने पेटीवर चाल ऐकवायची. मग व्हायोलिनच्या ताफ्याने कुठे शिरायचं, गायिका श्वास घेते तेवढ्यात चेलोने काय म्हणायचं, हे स्टाफ नोटेशनमध्ये उतरवायचं काम अरेंजरचं. गाण्यातला हा भाग वगळून पाहा, मागे किती उरतं ते! प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस त्यातल्या त्यात नशीबवान. ‘अमर अकबर अँथनी’मुळे (१९७७) त्यांचं नाव तरी पोरासोरांच्या तोंडी गेलं, ते खऱ्या माणसाचं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक.

फाटकाशी मी बराच वेळ रेंगाळलेला पाहून वॉचमन पुढे आला.

‘‘कोणाकडे जायचंय, काका?’’

‘‘सेबॅस्टियन डिसोझा.’’

त्याने रजिस्टर उघडलं. ‘‘विंग कुठली?’’