बॅट नुसती आडवी धरणारे

ब्लॉकवर खेळणाऱ्यांबद्दल माझं मत फार काळ चांगलं नव्हतं. समोरच्याने मारायचं आणि यांनी टेबलाला चिकटून बॅट नुसती आडवी धरायची, यात कसला आलाय खेळ, असं मला मनापासून वाटे. जोराचा फटका आला की दोन पावलं मागे जावं, चेंडू खाली येऊ द्यावा आणि हात पूर्ण फिरवून परतवावा, हेच माझ्या लेखी खरं टेबल टेनिस. इथे हैदराबादेत हॉलवर येणाऱ्या मुलांनाही मी तेच सांगत आले. आता मात्र सांगत नाही.

निमित्त झालं ते आपल्याच शहरातल्या श्रीजा अकुलाचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत तिने चीनच्या वांग यिदीला सरळ तीन गेममध्ये हरवलं. त्याच लढतीत ऐहिका मुखर्जीने तेव्हा जागतिक क्रमवारीत अव्वल असलेल्या सुन यिंगशाला नमवलं. भारत २-३ ने हरला खरा, पण चीन हादरला होता. दोघींच्या बॅकहँडला नेहमीपेक्षा वेगळं रबर. ते समोरून आलेल्या फिरकीचा भलताच काही चेंडू करून परत पाठवतं, म्हणून ‘सगळी रबराची करामत’ म्हणून अनेकांनी विषय संपवला. मला ते पटेना. रबर चेंडूपर्यंत आपण होऊन थोडंच पोचतं?

मग मी त्या दोघींच्या ब्लॉककडे नीट बघायला लागले. टप्पा पडल्यावर टॉपस्पिन अंगावर झेपावतो. ब्लॉक करणारा त्याला वर चढतानाच गाठतो. गुडघे वाकलेले, कोपर शरीराच्या पुढे, मूठ सैल, आणि हात मागे न्यायचाच नाही. मूठ आवळली की चेंडू टेबलाबाहेर गेलाच म्हणून समजा. फिरकी जास्त तितकी बॅट जास्त मिटवायची, म्हणजे टेबलाकडे झुकवायची, सपाट स्मॅश असेल तर थोडी उघडायची. टेबल जेमतेम २.७४ मीटर लांब. चेंडू सुटल्यावर हे ठरवायला सवडच नसते. समोरच्याचा खांदा आणि बॅटचा कोन वाचून आधीच ठरवावं लागतं. त्यातही खेळणाऱ्या हाताच्या कोपरावर आलेला चेंडू सगळ्यात वाईट. फोरहँड की बॅकहँड, या घोळात गुण जातो. तिथे हात नाही, पाय सोडवतात.

मागे गेलं की वेळ मिळतो, हे माझं जुनं म्हणणं खोटं नाही. पण तो मारणाऱ्यालाही मिळतो, आणि आपल्याला दोन्ही बाजूंना जास्त धावावं लागतं. जवळून परतवलेला चेंडू त्याला सावरूच देत नाही.

नुसता ब्लॉक पुरत नाही, या मतावर मात्र मी ठाम आहे. परतीचा चेंडू ढिला आला की मारायलाच हवं. श्रीजाचा फोरहँड तेच करतो. ३१ जुलै २०२४ ला, आपल्या २६व्या वाढदिवशी, ती पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सोळांत पोचली. तिथे सुन यिंगशाने तिला हरवलं, पण पहिले दोन्ही गेम १०-१२ असे गेले.

हॉलवर बसणाऱ्या आईबाबांना एक विनंती. मूल टेबलापाशी उभं राहून एकामागून एक फटके अडवत असेल, तर बाहेरून तेलुगूत ‘कोट्टु, कोट्टु’ किंवा ‘मार, मार’ असं ओरडू नका. त्याला अडवू द्या.