खोडलेल्या ओळींचं ऋण

कोड लिहायला मला पुष्कळांनी शिकवलं. खोडायला शिकवलं ते आमच्या मॅडमनी. पुण्यात आम्ही लिनक्सवर चालणाऱ्या मोजमापाच्या बोर्डांसाठी ड्रायव्हर लिहायचो, आणि त्या टीममध्ये सर्वांत जुन्या. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही.

एक ड्रायव्हर आमच्याकडे दुसऱ्या टीमकडून आला होता. बोर्ड चालू केला की बहुतेक वेळा सगळं सुरळीत, पण अधूनमधून त्यावरचं उपकरण जागंच होत नसे. लॉगमध्ये एवढंच: इंटरप्ट मिळाला नाही. पुन्हा चालू केलं की ठीक. अशा वेळी दोष हार्डवेअरवर ढकलायची आमच्या धंद्यात जुनी रीत आहे.

मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि प्रोब फंक्शनमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. ड्रायव्हर प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू या फंक्शनकडे इंटरप्टचा क्रमांक मागत होता. उत्तर ऋण आलं, की लॉगमध्ये संदेश छापून वर स्वतःचा आकडा पाठवत होता: उपकरणच नाही.

“खालून काय आलं होतं ते बघितलंस का?”

खालून आलं होतं उणे 517. याचा अर्थ, इंटरप्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर अजून उभा राहिलेला नाही, नंतर या. आतून निरोप यावा की साहेब यायचेत, थोड्या वेळाने या. आणि दारावरच्या शिपायाने सांगावं, असे कोणी साहेबच नाहीत, तसला प्रकार. 517 वर पोचला असता तर कर्नलने हे उपकरण प्रतीक्षायादीत ठेवून पुन्हा प्रयत्न केला असता. मधल्या ओळीने निरोप बदलला आणि ती वाटच बंद झाली.

“आलेला आकडा तसाच वर पाठव. आणि तो संदेशही काढ,” मॅडम म्हणाल्या. संदेश काढायचा म्हणजे मला धाडसच वाटलं. पण 2019 साली स्टीफन बॉइड यांनी तो प्रत्येक ड्रायव्हरमधून उचलून त्या फंक्शनच्याच पोटात घातला होता. 5.4 आवृत्तीपासून चूक झाली तर ते फंक्शन स्वतःच बोलतं, आणि 517 असेल तर गप्प बसतं. शेकडो ड्रायव्हरमधले जुने संदेश काढायला त्यांनी कॉक्सिनेल हे कोड शोधून बदलणारं साधन वापरलं. ज्यांना मी कधी भेटलो नाही, त्यांचंही हे देणं माझ्या डोक्यावर आहे.

मग आली गोटूंची माळ: हे फसलं तर क्लॉक बंद करा, ते फसलं तर इंटरप्ट सोडा. तेजुन हो यांनी 2007 मध्ये आणलेल्या डेव्हरेसमुळे घेतलेली साधनं उलट्या क्रमाने आपोआप परत जातात. मी उत्साहाने इंटरप्ट त्या व्यवस्थेकडे सोपवला. तिथे मॅडमनी हात धरला. कागदावर दोन रांगा काढून दाखवल्या: ड्रायव्हर उतरताना रिमूव्ह फंक्शन आधी चालतं, इंटरप्ट त्यानंतर सुटतो. मधल्या फटीत क्लॉक हाताने बंद केलेलं आणि हँडलर मात्र जिवंत. त्याने रजिस्टर वाचायला घेतलं की बोर्ड गोठू शकतो. म्हणून क्लॉकही त्याच व्यवस्थेत, आणि इंटरप्टच्या आधी घ्यायचं. सामायिक इंटरप्टसाठी कर्नलमध्ये एक चाचणीची सोयही आहे. इंटरप्ट सोडताना हँडलरला मुद्दाम एकदा जादा बोलावतात. ती सुरू करून त्यांनी ड्रायव्हर उतरवून घेतला, तेव्हाच उठल्या. सोपं करणं आणि नुसतं कमी करणं यातला फरक मला त्या दोन रांगांनी दाखवला. नाही तर मी अर्धवट सोपेपणाच विकत बसलो असतो.

त्रुटी सांभाळणारा निम्म्याहून जास्त मजकूर गेला. पॅचवर ‘सजेस्टेड-बाय’ म्हणून त्यांचं नाव घालू का, विचारलं. नको म्हणाल्या, ‘रिव्ह्यूड-बाय’ तेवढं घालू दिलं. गिटच्या इतिहासात ते काम आजही माझ्या नावावर आहे, आणि हिशेब म्हणून ते चूक आहे.

तुमच्याकडे असा जुना ड्रायव्हर असेल, तर इंटरप्ट मागणाऱ्या ओळीखालच्या चार ओळी आजच उघडून बघा. खालून आलेला आकडा कोणी बदलत असेल, तर आधी तेवढं खोडा.