रोजची रेघ

नाशिक शहरापासून थोड्याच अंतरावर देवळाली कॅम्प वसलेला आहे. कोरडी व निरोगी हवा, जुन्या वृक्षांची दाट छाया, लॅम रोडच्या बाजूचे ऐसपैस बंगले व आरोग्यधामे आणि त्यांच्या पलीकडे पसरलेली लष्कराची वसाहत, असे या गावाचे रूप आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी येथे छावणी उभारली. विलायतेहून मुंबई बंदरात उतरलेले गोरे सैनिक येथे आणले जात. आणि ज्यांची नोकरी संपली, तेही परतीच्या जहाजाची वाट पाहत येथेच राहत. सैनिकांची जहाजे ठरावीक ऋतूतच सुटत. त्यामुळे कित्येकांना महिनेच्या महिने हातावर हात धरून बसावे लागे. ऊन, ज्वर आणि रिकामपण यांनी काहींची मने बिघडत. त्यावरून इंग्रजी भाषेत ‘डूलाली’ असा एक शब्दच रूढ झाला. डोके फिरलेला असा त्याचा अर्थ. आणि तो शब्द म्हणजे ‘देवळाली’ या नावाचाच अपभ्रंश होय.

रिकामा वेळ माणसाला असा आतून पोखरतो. परंतु त्याच वेळेचे सोने करण्याची विद्या चित्रकारापाशी असते. इतरांना कंटाळवाणी वाटणारी जागा त्याला पाठशाळेसारखी वाटते. कारण वाट पाहणारा मनुष्य स्थिर बसतो, आणि स्थिर बसलेला मनुष्य हा रेखाटनाचा उत्तम विषय असतो. गोरे सैनिक केव्हाच निघून गेले. तोफखान्याचे शिक्षण देणारी संस्था येथे आली. पण वाट पाहणे काही देवळालीतून गेले नाही. रेल्वेच्या फलाटावर रजेवर निघालेला जवान आपल्या लोखंडी ट्रंकेवर बसून गाडीची वाट पाहत असतो. आरोग्यधामाच्या ओसरीवर हवापालटासाठी आलेले वृद्ध गृहस्थ संध्याकाळची वाट पाहतात. आसपासच्या खेड्यांतून आलेली भाजीवाली मेथीच्या जुड्या मांडून गिऱ्हाइकाची वाट पाहते. यांपैकी कोणालाही ‘हलू नका’ असे सांगावे लागत नाही, आणि कोणी मोबदलाही मागत नाही. लष्कराच्या हद्दीत वही उघडून बसणे योग्य नव्हे. पण बाजार आणि स्टेशन एवढी दोन ठिकाणेसुद्धा चित्रकाराला जन्मभर पुरतील.

मात्र या विनामूल्य पाठशाळेचा एक कडक नियम आहे. तेथे वेळ फार थोडा मिळतो. जवान मान वळवतो, गाडी येते, गिऱ्हाईक पुढे उभे राहते आणि आकृती मोडते. म्हणून मनुष्याकृती रेखाटणारा प्रथम नाकडोळ्यांच्या मागे लागत नाही. शरीराचा भार कोठे पडला आहे, हे तो आधी पाहतो. मनुष्य एका पायावर भार देऊन उभा राहिला, की त्या बाजूची कंबर वर जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो. हा तोल दोन-तीन रेघांत सापडला, तर चेहरा न काढताही माणूस ओळखू येतो. आणि तोल चुकला, तर चेहरा कितीही रेखीव असला तरी आकृती कोलमडते. त्यानंतर प्रमाण. प्रौढ मनुष्याची उंची सामान्यतः त्याच्या डोक्याच्या साडेसात पट भरते. वर्षभराच्या बालकाची मात्र चार पटच. मुखाच्या बाबतीत नवशिक्याची चूक तर ठरलेलीच असते. तो डोळे फार वर काढतो. वास्तविक डोळ्यांची रेषा टाळू व हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर असते. कपाळ व केस यांना आपल्या मनात महत्त्व नसते, म्हणून हात त्यांना जागा देत नाही. म्हणजे हाताची चूक ही पुष्कळदा मनाची चूक असते. डोळ्यांनी जे दिसते, त्याऐवजी मनाने जे धरून ठेवलेले असते, तेच कागदावर उतरते. रोजच्या सरावाने हा हट्ट हळूहळू सुटतो.

या सरावात साधनेही बदलावी लागतात, कारण प्रत्येक साधन निराळा धडा देते. मऊ शिशाची पेन्सिल ही दयाळू असते. ती चूक पुसू देते, फिक्यापासून गडदापर्यंत हळूहळू जाऊ देते. कोळशाची कांडी बारीकसारीक तपशिलाला थारा देत नाही. छाया आणि प्रकाश यांचे मोठे मोठे भाग पाहावयास ती शिकवते. टाक व शाई यांचा स्वभाव याहून कठोर. उमटलेली रेघ मागे घेता येत नाही, म्हणून टाक टेकण्यापूर्वी निर्णय झालेला असावा लागतो. रंगखडू त्वचेवरील रंगांचे खेळ दाखवतात. आणि जलरंग? तेथे पाणी स्वतःच अर्धे चित्र काढीत असते. चित्रकाराला केवळ योग्य क्षणी थांबता आले पाहिजे. सा. ल. हळदणकर यांचे हातात दीप घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. बोटांच्या फटींतून पाझरणारा प्रकाश आणि त्याने उजळलेला चेहरा पाहून कित्येकांना ते तैलचित्र वाटते. पण ते जलरंगांत आहे. या चित्रासाठी त्यांच्यासमोर दीप घेऊन त्यांची कन्या उभी राहिली होती. जलरंगात झालेली चूक सहजासहजी झाकता येत नाही. अशा चित्रामागे न दाखवलेले किती कागद उभे असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

न दाखवलेल्या या कागदांचे महत्त्व ज्यांच्या चरित्रातून उत्तम रीतीने कळते, असे चित्रकार म्हणजे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. त्यांचा जन्म 1867 साली कोल्हापुरात झाला. 1890 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले. ही कलाशाळा 1857 साली स्थापन झालेली. धुरंधर आले तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे तिचे प्राचार्य होते. पुढे 1896 मध्ये धुरंधर तेथेच शिक्षक झाले आणि 1931 मध्ये निवृत्त झाले. शिकणे आणि शिकवणे मिळून एकेचाळीस वर्षे त्यांनी एकाच वास्तूत घालवली. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आठवणींच्या ग्रंथाचे नावच त्यांच्या निष्ठेची साक्ष देते.

धुरंधरांची पौराणिक व ऐतिहासिक चित्रे लोकांना ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या कलेचे मूळ शोधावयाचे, तर त्यांच्या रेखाटनांकडे वळले पाहिजे. पेन्सिल, शाई, जलरंग, जे हाती येईल त्याने ते माणसे टिपत. घरातली माणसे, रस्त्यावरचा हमाल, पाण्याला निघालेली स्त्री, पुराणिक, फेरीवाला, सावकार, भिकारी, यांतील कोणीही त्यांच्या वहीला परके नव्हते. त्या काळच्या मुंबईत पगडीवरून माणसाची जात, धंदा व प्रांत ओळखता येई. लुगड्याच्या नेसणीवरून स्त्रीचे गाव कळे. हे सारे बारकावे धुरंधरांच्या बोटांत बसले होते. म्हणूनच मुंबईचे पोलीस कमिशनर एडवर्ड्‌स यांच्या 1912 मधील ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकाला, किंकेड यांच्या 1914 मधील ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या कथासंग्रहाला आणि पुढे ऑटो रॉथफील्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या ग्रंथाला त्यांची चित्रे लाभली. या शेवटच्या ग्रंथात त्यांची 48 रंगीत चित्रे आहेत. अशी कामे हाती आल्यावर माणसे शोधावयास निघून भागत नाही. ती आधीच भेटलेली असावी लागतात. धुरंधरांना ती रोज भेटत आली होती. पगड्या गेल्या, नेसणी बदलल्या, ते रस्तेही ओळखू येईनासे झाले. पण त्या काळचा मनुष्य उभा कसा राहत असे, ओझे कसे उचलीत असे, ओट्यावर मांडी कशी घालीत असे, हे त्यांच्या रेघांनी जपून ठेवले आहे.

धुरंधरांच्या आधी कोल्हापुरातूनच त्या कलाशाळेत गेलेले आबालाल रहिमान यांची कथा याहून निराळी आहे. तेथे त्यांनी काढलेली अभ्यासचित्रे वाखाणली गेली. 1888 साली त्यांना व्हाइसरॉयचे पदकही मिळाले. मुंबईत राहून नाव व द्रव्य मिळवणे त्यांना अशक्य नव्हते. पण ते कोल्हापुरास परतले आणि कोटितीर्थाच्या काठी फकिरी वृत्तीने राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. तरी प्रदर्शन, प्रसिद्धी यांच्या वाटेस ते फारसे गेले नाहीत. ते चित्रे काढीतच राहिले. 1922 साली महाराज निवर्तल्यावर त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे सांगतात. ही आख्यायिका खरी असो वा नसो, ती लोकांना खरी वाटली, यातच तिचे मर्म आहे. चित्र पाहणारा कोणी उरला नाही, तरी आबालालांचा हात थांबणार नाही, हे लोकांनी ओळखले होते.

एकाची रेखाटने ग्रंथांतून घरोघर गेली. दुसऱ्याची कित्येक काळाच्या उदरात गडप झाली. फळाच्या दृष्टीने पाहिले तर केवढे हे अंतर! परंतु रोजचा कागद पुढे घेऊन बसताना दोघांची भूमिका एकच होती. सरावाचा कागद कोणाला दाखवण्यासाठी नसतो. त्यावर बक्षीस मिळत नाही, म्हणून त्यावर खोटेपणा करण्याचे कारणही उरत नाही. प्रदर्शनाच्या चित्रात हात जे सहज जमते तेच पुनः पुनः करू पाहतो. सरावाच्या कागदावर तो जे जमत नाही तिकडे धाव घेऊ शकतो. पंजा जमत नसेल, तर शंभर पंजे काढावे. पाठमोरा मनुष्य साधत नसेल, तर महिनाभर लोकांच्या पाठीच पाहाव्या. असे बिघडलेले कागद हीच खरी चित्रकाराची शिल्लक होय.

येथे कोणी म्हणेल, ‘आता छायाचित्र क्षणात निघते, मग एवढी खटपट कशाला?’ हा प्रश्न नवा नाही. धुरंधरांच्या काळीही मुंबईत छायाचित्रकारांची दुकाने होती. छायाचित्राचे कार्य थोर आहे. पण ते दुसरे आहे. यंत्र समोरचे सर्व काही एकाच वेळी टिपते. हाताला मात्र निवड करावी लागते. दहा मिनिटे एखाद्या वृद्धेच्या हाताकडे पाहून तो रेखाटला, की बोटांची वाकलेली पेरे, झिजलेली बांगडी आणि तळव्याची घट्ट झालेली कड, ही सारी पाहणाऱ्याच्या मनात कायमची राहतात. तो हात किती राबला असेल, हा विचार मग कोणी सुचवावा लागत नाही. रोखून पाहणे आणि निरखून पाहणे यांत अंतर आहे. रोखून पाहिल्याने समोरचा संकोचतो. निरखून पाहणाऱ्याच्या नजरेत आदर असतो, आणि तो लपत नाही. म्हणूनच ज्याचे चित्र काढले, त्याने ते पाहावयास मागितले तर वही मिटू नये. ‘माझे नाक एवढे मोठे आहे होय?’ असे तो हसून म्हणेल. त्याला नको असेल, तर तो कागद त्याच्या स्वाधीन करावा. कारण चित्र चित्रकाराचे असले, तरी चेहरा त्याचा असतो.

शाळेतील मुलामुलींना चित्रकलेच्या परीक्षेतील स्मरणचित्राचा विषय ठाऊक असतो. जत्रा, बाजार किंवा शेतातील काम असे काहीतरी आठवून काढावयाचे असते. पुष्कळांच्या चित्रांतील माणसे एकाच साच्यातून काढलेल्या बाहुल्यांसारखी दिसतात, कारण स्मरणात काही साठवलेलेच नसते. ज्याने पाहिलेच नाही, तो आठवणार काय? त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. कोऱ्या पाठीचे कागद शिवून केलेली वही आणि पेन्सिलीचा तुकडा एवढे पुरे. रोज एक माणूस काढावा: कधी भाकरी थापणारी आई, कधी वर्तमानपत्रात बुडालेले आजोबा, कधी बाकावर डुलक्या घेणारा मित्र. प्रत्येक चित्राखाली तारीख घालावी आणि फसलेले पान फाडू नये. पहिल्या पानांवरील माणसे लाकडी असतील. तीन महिन्यांनी त्यांना गुडघे येतील, सहा महिन्यांनी त्यांच्या खांद्यांना थकवा येईल. आणि एखाद्या दिवशी, चेहरा काढलेला नसतानाही, घरातले कोणी म्हणेल, ‘अरे, ही तर आपली आजी!’

ही साधना करणारा प्रत्येक जण धुरंधर होईल असे नाही. बहुतेक जण होणारही नाहीत. त्यांच्या वह्या माळ्यावर पडतील, किंवा रद्दीत जातील. पण ज्याने वर्षभर रोज एका माणसाकडे मन लावून पाहिले, त्याला पुढे कोणताही माणूस निव्वळ गर्दीचा भाग म्हणून दिसत नाही. वह्या हरवल्या, तरी ही दृष्टी हरवत नाही.