पऱ्हाट्यांच्या कुंपणाआड

दसरा झाला की बार्शीटाकळीत घरोघरी मागचं वाडगं खणायला निघायचं, आणि ते काम पोट्ट्यांचं. आमच्या पिढीतल्या कोणालाही विचारा, आवड होती म्हणून कुदळ हाती घेतली असं कोणी सांगणार नाही. शेणखत पसरा, वाफे ओढा, धने चपलेखाली रगडून त्यांची दोन दोन दळं करा, आणि मग रोज शाळेआधी विहिरीचं पाणी शेंदा. न्हाणीच्या पाण्याचं तेवढं बरं होतं. ते नालीतून आपोआप धोप्याच्या पानांत जायचं आणि तिथून केळीच्या बुडाशी.

वाल न्हाणीच्या टिनावर चढवलेला असे. पौषात आभाळ आलं की कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसायचा. औषध एकच, चुलीतली राख. तीही सकाळी, दहिवर असतानाच टाकायची. ऊन वर आलं की ती पानावर ठरत नाही. टिनावर चढलेल्याची बोटं थंडीनं आखडलेली, राख नाकातोंडात, आणि खालून मायचं चालूच, “पानाच्या खालून टाक ना रे, वरून काय टाकतं!”

मेथी, पालक, चुका, सांबार, लसणाची पात, मुळे हे सगळं थंडीतलं. वांगी मात्र पोळ्याच्या सुमारास लावलेली असत, कारण चातुर्मासात ज्या घरांत वांगं वर्ज्य, तिथे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य लागे. त्या दिवशी तुराट्यांच्या जाळावर वांगे भाजल्याचा वास गल्लीभर फिरायचा. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आमची पिढी अजूनही भरीत म्हणत नाही. म्हणूही नये.

एवढं असून या भाजीला घरात मान नव्हता. पैसे न देता आलेली ना ती! पाहुणे येणार म्हटलं की बाबा आठवडी बाजारातून फुलकोबी आणायचे. वांगे-मेथी पाहुण्यांपुढे ठेवायची म्हणजे गरिबी दाखवायची, असा तो हिशेब. हा हिशेब उलटा करायच्या त्या दर्यापूरकडच्या मावश्या. तिकडचा पूर्णेकाठचा सगळा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी असलं तरी खारं, त्यावर मेथीचा वाफा कसा तगणार? आमच्याकडे पाणी गोडं. मावशी आली की हातपाय धुवायच्या आधी वाडग्यात शिरायची, मेथीची काडी तिथंच तोंडात टाकायची आणि म्हणायची, “बाई, ते फुलकोबी राहू दे. मले हे दे.” माय ओशाळायची आणि खूशही व्हायची. फुलकोबी मग आमच्याच डब्यात जायची.

भाजी विकायची मात्र नाही. जास्तीची शेजारी भिंतीवरून जायची, नाहीतर अकोला-पूर्णा मीटरगेजच्या गाडीनं, थैलीत बांधून, वाशीमच्या आत्याकडे. २००८ मध्ये त्या मार्गावर ब्रॉडगेज आली, तोवर थैल्या भरणारी बरीच वाडगी घरांच्या खोल्यांखाली गेली होती. अकोल्याला १९६९ साली कृषी विद्यापीठ झालं. तिथं कोणाचे तरी काका नोकरीला असत आणि बियाण्याची एखादी पुडी आणून देत. माय ती पेरायची, पण एका कोपऱ्यातच. वालाचं बी आजीच्या वेळचंच हवं. त्यासाठी वेलावरच्या भरदार शेंगांना चिंधी बांधून ठेवायची. चिंधीच्या शेंगेला हात लावला की पाठीत धपाटा.

माघ सरला की पाल्याला फुलं येऊन तो जरठ व्हायचा, विहिरीला दोर कमी पडू लागायचा. मार्चअखेर पारा चाळिशीकडे निघाला की पाणी कोणाला, वाफ्याला की माणसाला, हा प्रश्नच उरायचा नाही. त्याआधी होळी येई. होळीच्या रात्री पऱ्हाट्यांचं कुंपण गायब होणार हे ठरलेलंच. सकाळी माय दारात उभी राहून मोहल्ल्यातल्या समस्त पोट्ट्यांचा उद्धार करायची, आणि तेव्हा आमच्या चपलांना शेजारच्या वाडग्यातली माती लागलेली असायची. चिंधीच्या शेंगा तिनं आदल्याच दिवशी काढून, राख लावून मडक्यात भरलेल्या असत.